पद्मिनीच्या पोटातली वीज

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत एका काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. त्यानंतर पद्मिनी टॅक्सीची नवी नोंद मुंबईत झाली नाही. या शहरात टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरलेले आहे. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ ची सोमवारची सकाळ उजाडली तेव्हा मुंबईच्या रस्त्यावर कायद्याने चालू शकेल अशी एकही पद्मिनी टॅक्सी शिल्लक नव्हती. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले, टॅक्सीचालकांच्या संघटनेने निदान एक गाडी जतन करावी अशी मागणी केली आणि विषय संपला.

टॅक्सी संपली, पण पद्मिनी संपली नाही. खासगी मालकांच्या पद्मिनी अजून आहेत. बोरीवलीत मी राहतो तिथून बाभई, वझिरा नाका, दौलतनगर, आय. सी. कॉलनी असा फेरफटका मारला, तर एखाद्या जुन्या इमारतीच्या कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली तो ओळखीचा चौकोनी आकार हमखास दिसतो. मालक तिला पद्मिनी म्हणत नाही, ‘फियाट’ म्हणतो. ती विकायची नसते आणि फारशी चालवायचीही नसते. पेट्रोल परवडत नाही, कार्बोरेटर जाणणारा मिस्त्री सापडत नाही आणि भंगारात द्यायला मन होत नाही.

गेल्या काही वर्षांत या गाड्यांच्या मालकांमध्ये एक प्रश्न वारंवार निघतो: इंजिन काढून विजेची मोटर बसवता येईल का? जगभर हौशी लोक आपापल्या गॅरेजमध्ये हे करत आले आहेत. आपल्याकडे हा प्रश्न निघाला की उत्तर तंत्रज्ञानात शोधले जाते. माझ्या मते तंत्रज्ञानाचे उत्तर सोपे आहे. खरी अडचण इतिहासात आणि कायद्यात आहे, आणि ती समजण्यासाठी मुंबईने आपल्या गाड्यांची इंजिने याआधी कशी कशी बदलली हे पाहावे लागते.

कुर्ल्याची गाडी

वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जहाजे, विमाने आणि मोटारी ही तिन्ही वाहने या देशात तयार व्हावीत हे त्यांचे स्वप्न. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी केलेल्या कराराने झाली. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटची साथ मिळाली. साठीच्या दशकात फियाट ११०० डी आली, पुढे तीच ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचे नाव घेऊन ‘प्रीमियर पद्मिनी’. इटलीत ११०० मालिकेचे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. कुर्ल्याची गाडी मात्र विसावे शतक संपत आले तरी बाहेर पडत होती.

याचे श्रेय जितके गाडीला तितकेच परवाना-राजला. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची, तेव्हा कुठे गाडी दारात येणार. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र पालटू लागले. तरी ऐंशीच्या दशकात मध्यमवर्गीय घराची मोटार म्हटली की पद्मिनी हेच समीकरण होते. तेव्हा घेतलेल्या गाड्याच आज ताडपत्रीखाली जास्त करून दिसतात. हा काळ लक्षात ठेवावा, कारण पुढे कायद्याची कात्री नेमकी याच गाड्यांवर चालते.

गाडीची रचना साधी. पुढे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, त्याच्या मागे चार गियरची पेटी, तिथून लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या चाकांना फिरवणारे डिफरन्शियल. मागे कमान-पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, गियरचा दांडा स्टिअरिंगला लागून. वजन नऊशे किलोच्या आसपास. संगणक नाही, सेन्सर नाहीत. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. त्यामुळेच ही गाडी मिस्त्रींची लाडकी राहिली, आणि तिच्यावर प्रयोगही खूप झाले.

खाद्य बदलण्याची जुनी सवय

गाडीचे इंधन बदलणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले, तेव्हा देशभर मोटारींना आणि सर्व्हिस बसगाड्यांना कोळशाच्या गॅसची यंत्रे बसवली गेली. गाडीच्या मागे किंवा बाजूला एक उंच पिंप, त्यात लोणारी कोळसा. अपुऱ्या हवेत तो धुमसत ठेवला की कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन असलेला वायू तयार होई. तो गाळून, थंड करून इंजिनात सोडत. निघण्याआधी पंखा फिरवून भट्टी पेटवायची, वाटेत राख झाडायची. पेट्रोलच्या मानाने ताकद बरीच कमी, त्यामुळे घाटात गाडी दम टाके. युद्ध संपले, पेट्रोल आले आणि पिंपे उतरली. इंजिन तेच राहिले होते. काढता-घालता येईल अशी भर तेवढी पडली होती.

दुसरा मोठा बदल मुंबईच्या पद्मिनींनीच अनुभवला. महागड्या पेट्रोलला कंटाळून टॅक्सीवाल्यांनी डिझेल इंजिने बसवली. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारात अशा अदलाबदलीसाठी लागणारे सगळे मिळत असे. परिणाम शहराच्या फुप्फुसांवर झाला. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, आणि डिसेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने पंधरा वर्षांपेक्षा जुन्या टॅक्सींना मुदत घालून दिली: स्वच्छ इंधनावर या, नाहीतर रस्त्यावरून उतरा. महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्येच स्थापन झाली होती. बघता बघता डिक्यांमध्ये सीएनजीची नळकांडी आली. त्यानंतरच्या काळात ज्यांनी टॅक्सीने प्रवास केला त्यांना आठवत असेल: सामान टपावर, कारण डिकीत सिलिंडर.

या प्रसंगातली एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही, म्हणून ती इथे मुद्दाम सांगतो. तेव्हा व्यवस्थेने सर्वांत जुन्या गाड्यांना सर्वांत आधी बदलायला लावले. तर्क सरळ होता. जुनी गाडी जास्त धूर ओकते, म्हणून तिचे इंधन आधी बदला. गाडी जुनी असणे हे बदलाचे कारण मानले गेले.

वीज तर आधीपासूनच होती

विजेवर चालणारे वाहन आपण भविष्याची गोष्ट म्हणून पाहतो, पण मुंबईच्या बाबतीत ती भूतकाळाचीही आहे. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम सुरू झाली आणि तिने घोड्यांना निवृत्त केले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची रेल्वे व्हिक्टोरिया टर्मिनसहून निघाली ती कुर्ल्यापर्यंत. ज्या कुर्ल्यात पुढे प्रीमियरचा कारखाना आला, तिथे मोटारीच्या कारखान्याआधी विजेची गाडी पोचली होती. आणि आमच्या बोरीवलीला हे भाग्य ५ जानेवारी १९२८ रोजी लाभले: त्या दिवशी बीबीसीआय रेल्वेने कुलाबा ते बोरीवली विजेची लोकल सुरू केली. उपनगरांत घराघरात वीज पोचवण्यासाठी ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी स्थापन झाली १९२९ मध्ये. म्हणजे बोरीवलीकर विजेच्या गाडीत आधी बसला. विजेचा दिवा बहुतेकांच्या घरी नंतर लागला. पुढे १९६२ ते १९७१ या काळात बेस्टने रबरी चाकांच्या, पण डोक्यावरच्या तारेतून वीज घेणाऱ्या ट्रॉलीबसही चालवून पाहिल्या.

रुळावर वीज जिंकली, मग रस्त्यावर का हरली? सुरुवातीला ती हरत नव्हती. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिय जेनात्सी या बेल्जियन चालकाने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली ती विजेच्या गाडीतून. अमेरिकेत शतकाच्या आरंभी विजेच्या मोटारींना मोठी मागणी होती. पेट्रोलची गाडी सुरू करायला हँडल मारावे लागे, त्यात मनगट मोडायची भीती. विजेची गाडी कळ दाबताच निघे. हेन्री फोर्डच्या पत्नी क्लारा स्वतः ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवत. पण १९०८ मध्ये त्याच फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली आणि १९१२ मध्ये कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसला. विजेच्या मोटारीला मागे टाकण्यात विजेच्याच एका छोट्या मोटरीचा हात होता. पेट्रोल स्वस्त होते आणि शिशाची बॅटरी फार जड.

हा शिशाचा भार पुढे सत्तर वर्षे सुटला नाही. १९७३ मध्ये तेलाचे संकट आले आणि अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी पुन्हा बाह्या सरसावल्या. गोदामातल्या फोर्कलिफ्टची किंवा विमानाच्या स्टार्टरची जुनी डीसी मोटर आणायची, छोट्या गाडीतले इंजिन उतरवून तिथे ती बसवायची, मागे शिशाच्या बॅटऱ्यांची रांग लावायची. घरच्या घरी गाडी विजेवर नेण्याची परंपरा इथे रुजली. आपल्याकडे १९९३ मध्ये ‘लव्हबर्ड’ नावाची छोटी विजेची मोटार आली आणि गेली. २००१ मध्ये बंगळुरूची ‘रेवा’ आली, ती टिकली आणि २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली. या नव्या गाड्या होत्या. जुन्या गाडीत वीज भरण्याची गोष्ट आपल्याकडे त्यानंतरची.

बोरीवली–चर्चगेट–बोरीवली

पद्मिनीला विजेवर न्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? इंजिन, रेडिएटर, पेट्रोलची टाकी, सायलेन्सर आणि त्याची नळी हे सगळे उतरवायचे. गियरची पेटी बहुधा ठेवली जाते. तिच्या तोंडाला इंजिन ज्या बोल्टांनी बसते, त्याच भोकांच्या मापाची एक जाड धातूची पट्टी लेथवर करून घ्यायची आणि तिच्यावर मोटर बसवायची. मोटरीचा आस आणि गियरपेटीचा आस एका रेषेत, केसाएवढाही फरक नको. सगळ्या कामातला कस लागतो तो इथे. मग मोटरीला वीज मोजून देणारा कंट्रोलर, अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला जोडलेला सेन्सर, दिवे आणि हॉर्नसाठी बारा व्होल्ट देणारा वेगळा कन्व्हर्टर, चार्जर, मोठा फ्यूज आणि बॅटरीच्या प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा.

हिशेब माझा मी मांडून पाहिला. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट इतकी ऊर्जा असते. शहरात पद्मिनीने लिटरला बारा किलोमीटर दिले तर एका किलोमीटरला पाऊण युनिट गेले. त्यातले बरेचसे रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन उडून जाते. याच वजनाच्या गाडीला विजेवर किलोमीटरला सुमारे ०.१५ युनिट पुरावे. म्हणजे ऊर्जा एक पंचमांश. पंधरा युनिटची बॅटरी बसवली तर शंभर किलोमीटर. बोरीवली ते चर्चगेट रेल्वेने चौतीस किलोमीटर. जाऊन-येऊन, ट्रॅफिक आणि वळसे धरूनही हा पल्ला आवाक्यात. रात्री घरच्या पंधरा अ‍ॅम्पिअरच्या प्लगवर पाच-सहा तासांत बॅटरी पुन्हा भरते.

पूर्वी हे का जमले नाही, तेही याच हिशेबात दिसते. पंधरा युनिट साठवायला शिशाच्या बॅटऱ्या साडेचारशे किलोच्या घरात जातात, म्हणजे गाडीच्या निम्म्या वजनाइतक्या. कमान-पाटे बसतील आणि ड्रम ब्रेक हात टेकतील. आजच्या लिथियम आयर्न फॉस्फेट सेलमध्ये तेवढीच वीज सव्वाशे-दीडशे किलोत मावते. उतरवलेल्या इंजिनाचे, टाकीचे आणि पेट्रोलचे वजन वजा केले तर गाडी जवळपास होती तेवढीच राहते. भार पुढे किती आणि मागे किती ठेवायचा एवढा तोल मात्र सांभाळावा लागतो.

मोटरीतही दोन पिढ्या आहेत, आणि त्या समजायला लोकलने प्रवास करणाऱ्याला पुस्तक लागत नाही. जुन्या लोकलच्या मोटरी डीसी होत्या. स्टेशन सोडताना ‘खट्, खट्’ करत टप्प्याटप्प्याने वेग घ्यायच्या. नव्या गाड्यांच्या मोटरी थ्री-फेज एसी आहेत. त्या गुणगुणत, एकसंध वेग घेतात आणि ब्रेक लागताना वीज परत तारेत पाठवतात. २०१२ पर्यंत पश्चिम रेल्वेने उपनगरी मार्गाची तारही १५०० व्होल्ट डीसीवरून २५००० व्होल्ट एसीवर नेली. लोकल बंद न ठेवता, वर्षानुवर्षे चाललेले हे काम बोरीवलीकरांच्या डोक्यावर घडले. घरगुती प्रयोगातही हाच प्रवास झाला: फोर्कलिफ्टची डीसी मोटर मागे पडली आणि उतारावर बॅटरी भरणारी एसी मोटर आली.

चालवताना काय वेगळे वाटते? मोटर उभ्या जागेवरूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे गियर बदलण्याची गरज क्वचित पडते. दुसऱ्या गियरमध्ये शहर फिरता येते. तरी स्टिअरिंगजवळचा तो दांडा तसाच राहतो आणि हात सवयीने त्याच्याकडे जातो. चोक ओढणे, पेट्रोलचा वास, थंडीत दोनदा खोकून सुरू होणे हे मात्र गेलेले असते.

दोन दारे आणि मधली भिंत

इथपर्यंतचे सगळे एखाद्या चांगल्या मिस्त्रीला आणि विद्युत अभियंत्याला मिळून जमण्यासारखे आहे. आता कायदा.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम ५२ सांगते की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २००० साली संसदेने या कलमात एक परंतुक घातले: वेगळ्या इंधनावर किंवा ऊर्जेवर गाडी चालावी म्हणून संच बसवून इंजिनात बदल करायचा असेल, तर नियमांच्या अटींवर तो करता येईल. त्या ऊर्जांच्या यादीत सीएनजी आहे, सौरशक्ती आहे आणि बॅटरीचाही नावानिशी उल्लेख आहे. रेवा रस्त्यावर येण्याआधी कायद्याने विजेसाठी दार किलकिले केले होते.

पण अटी ठरायला सोळा वर्षे गेली. जून २०१६ मध्ये केंद्र सरकारने विजेच्या संचाचे नियम काढले आणि ‘एआयएस-१२३’ या मानकात त्याच्या चाचण्या लिहिल्या गेल्या. संच बनवणाऱ्याने पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता घ्यायची, संच अधिकृत जोडणाऱ्यानेच बसवायचा, मग आरटीओ नोंदणी पुस्तकातले इंधन बदलणार. या वाटेने काही कामे झाली. हैदराबादच्या ई-ट्रिओने आणि पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्टने मारुतीच्या चालू गाड्यांसाठी संच केले; ठाण्याच्या गोगोएवनने मोटरसायकलींसाठी. घरच्या गॅरेजमध्ये स्वतः जुळवलेल्या गाडीला या नियमांत जागा नाही. ती कंपाउंडच्या आत फिरवावी. शेकडो व्होल्टची बॅटरी पाहता ही काळजी मला अवाजवी वाटत नाही. इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये, वर माणसे झोपलेली असताना ती गाडी चार्जिंगला लागणार असते.

अडते ते दुसऱ्याच अटीवर. विजेचा संच बसवायचा तर गाडी १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर तयार झालेली असावी, असे नियम म्हणतो.

आता दुसरे दार पाहू. जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या, वारसा म्हणून जपायच्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी वा मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नोंदणी दहा वर्षांची, शुल्क वीस हजार रुपये. मात्र चासी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणायची.

दोन्ही नियम शेजारी ठेवून वाचले की एक विचित्र चित्र उभे राहते. आज २०२५ मध्ये १९७५ पर्यंतची पद्मिनी वारसा आहे. तिच्या इंजिनाला हात लावायचा नाही. १९९० नंतरची पद्मिनी विजेवर नेता येते, मान्यताप्राप्त संच असेल तर. आणि १९७६ ते १९८९ ची? ती वारसा होण्याइतकी म्हातारी नाही आणि वीज घेण्याइतकी तरुण नाही. पेट्रोलवर किंवा गॅसवर चालवत राहा, दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करा, हाच तिच्यापुढचा मार्ग. पद्मिनीचे सर्वाधिक चलतीचे दिवस ते हेच.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षकांची गाडी १९८४ ची आहे. त्यांनी मला विचारले, “इंजिन गेलंय, मोटर बसवून मिळेल का?” मी त्यांना हे सगळे समजावून सांगितले. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, “म्हणजे २०३४ पर्यंत थांबलो की ती वारसा होणार. पण तेव्हा इंजिन तेच लागणार, आणि ते तर आत्ताच गेलंय.” नियम करणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात असे काही असेल असे मला वाटत नाही. दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या हेतूंनी दोन दारे केली गेली आणि मधे भिंत उरली, एवढेच.

१९९९ आणि २०१६ मधला फरकही इथे दिसतो. गॅसच्या वेळी जुन्या गाड्यांना आधी बदलायला लावले. विजेच्या वेळी जुन्या गाड्यांनाच वगळले. मधल्या काळात जुन्या गाडीकडे पाहण्याची नजर बदलली. तेव्हा ती दुरुस्त करायची वस्तू होती. आता ती एक तर शोभेची आहे, नाही तर भंगाराची. २०२१ मध्येच वाहन-भंगार धोरणही आले.

जतन आणि जीर्णोद्धार

दुसरी बाजू हलकी नाही, ती मांडायला हवी. ज्यांना जुन्या गाड्यांचा इतिहास प्रिय आहे, अशांपैकी अनेकांना विजेची पद्मिनी ही पद्मिनीच वाटत नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिवा’ या जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये हेच मत दिले. आदल्या वर्षी विंडसरच्या शाही लग्नात राजपुत्र हॅरी विजेवर नेलेली जग्वार ई-टाइप चालवत निघाला होता आणि जगभर या विषयाची चर्चा होती. फिवाचे म्हणणे असे की मूळ इंजिन काढलेली गाडी ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. पण त्याच निवेदनात एक व्यवहारी सल्लाही आहे: कुणाला बदल करायचाच असेल तर तो उलटवता येईल असा करा, काढलेला प्रत्येक भाग खूण करून जपून ठेवा, उद्या तो परत बसवला तर गाडी पुन्हा ऐतिहासिक होऊ शकते.

हा भेद आपल्याला परका नाही. देऊळ जुने झाले की त्याचे जतन करायचे की जीर्णोद्धार, हा वाद गावोगाव झालेला आहे. जतन करणारा म्हणतो, दगड हलवू नका. जीर्णोद्धार करणारा म्हणतो, दिवा लागायचा असेल तर छप्पर गळता कामा नये. देवळाच्या बाबतीत पुरातत्त्ववाल्यांचे ऐकावे असे माझे मत आहे, कारण दगड एकदा तासला की परत येत नाही. गाडीचे तसे नाही. बोल्टांच्या मूळ भोकांवर पट्टी बसवून लावलेली मोटर चार माणसे एका दिवसात उतरवू शकतात. पत्रा कापला नसेल, चासी वेल्डिंगने बदलली नसेल, तर पद्मिनी पुन्हा पेट्रोलवर येते. कोळशाच्या पिंपाच्या बाबतीत युद्धानंतर हेच झाले होते.

म्हणून तोडगा मला फार अवघड वाटत नाही. १९९० पूर्वीच्या गाड्यांसाठी नियमात एक उपकलम पुरेल: संच मान्यताप्राप्त आणि अधिकृत जोडणाऱ्याने बसवलेला, सांगाड्यात कापाकाप नाही, ब्रेक आणि पाट्यांची तपासणी आरटीओसमोर, मूळ इंजिन त्याच्या क्रमांकासह मालकाकडे जपलेले आणि तशी नोंद नोंदणी पुस्तकात. गाडी पन्नास वर्षांची झाल्यावर मालकाला इंजिन परत बसवून ‘व्हीए’ क्रमांक घेता यावा. बंद पडलेल्या मॉडेलसाठी मोठी कंपनी संच करणार नाही, हे खरे. पण पद्मिनीची गियरपेटी एकाच मापाची असल्याने एका संचाला एकदा मान्यता मिळाली तर तो बोरीवलीतल्या गाडीला लागेल आणि कोल्हापुरातल्याही. असे काम एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने किंवा मालकांच्या संघटनेने एआरएआयकडे न्यावे.

यात पणाला गाड्यांपेक्षा जास्त काही आहे. पद्मिनीच्या आसपास एक ज्ञान तयार झाले होते: कानाने टॅपेट जुळवणारे, लेथवर अर्ध्या दिवसात नवा भाग काढून देणारे, पेट्रोलची गाडी गॅसवर नेणारे मिस्त्री. ते आता साठी-सत्तरीत आहेत. आस एका रेषेत आणण्याचे जे काम विजेच्या गाडीतही सर्वांत कठीण आहे, ते त्यांच्या हाताला येते. कंट्रोलर जोडणे त्यांच्या नातवंडांना येते. दोघे एका गाडीभोवती उभे राहतील असा काळ फार लांबचा नाही, पण फार लांबणारही नाही.

नियम आहे तसाच राहिला तर १९८९ ची शेवटची पद्मिनी २०३९ मध्ये पन्नाशी गाठेल आणि मधली भिंत आपोआप नाहीशी होईल. तोवर भिंतीआड उभ्या असलेल्या गाड्यांपैकी किती उरतील, हे ताडपत्रीखालच्या गंजावर अवलंबून आहे. बोरीवलीचा पावसाळा चार महिन्यांचा असतो.